कॅम्पसवर कार्यक्रम करायचाय? आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसा

कॅम्पसवर काही करायचं ठरलं, म्हणजे कवितांची संध्याकाळ असो, गाण्यांचा कार्यक्रम असो, एकांकिका, नाच, चित्रांचं प्रदर्शन काहीही असो, की पहिली मीटिंग नाव ठरवण्यात जाते, दुसरी पोस्टरमध्ये, आणि हॉल नेमका कसा आहे हे आदल्या दिवशी कळतं. मी विद्यार्थी असताना असे बरेच कार्यक्रम केले, नंतर नव्या मुलामुलींच्या मागे उभं राहून करवून घेतले, आणि आता कुणी विचारलं ना की सुरुवात कुठून करू, तर मी एकच सांगते, हॉलची किल्ली मागा, आत जा आणि शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा.

त्या खुर्चीत कोण येऊन बसतं बघा. जो पहिल्यांदाच येतोय तो. ज्याच्यासोबत कुणी नाही तो, लेक्चर किंवा लॅब संपवून उशिरा पोचलेला, आवडलं नाही तर पटकन उठून जाता यावं म्हणून दारापाशी बसलेला. पुढच्या दोन रांगांत आपलेच मित्र असतात, ते काहीही झालं तरी टाळ्या वाजवणार. पण तो मागचा माणूस शेवटपर्यंत बसला तर कार्यक्रम झाला असं मी मानते. त्यामुळे पुढचे सगळे निर्णय, जागा, माईक, लाईट, वेळ, सगळं त्याच्या खुर्चीतून घ्यायचं.

जागा

हॉल मोठा मिळाला म्हणजे भारी, असं अजिबात नाही. आमच्या पहिल्या कविता वाचनाला दोनशे खुर्च्यांचा हॉल होता आणि माणसं आली पस्तीस, ती पण सगळीकडे विखुरलेली. एक मुलगी आजीच्या ट्रंकेवरची कविता वाचत होती, फार सुंदर होती, पण आवाज हळू, आणि मागची चार जणं एकमेकांकडे बघत उठून गेली. तिला ते स्टेजवरून दिसलं. पुढची ओळ वाचताना तिचा कागद हलत होता. पुढच्या वेळी आम्ही हॉल घेतलाच नाही, लायब्ररीबाहेर रुंद पायऱ्या होत्या तिथे केलं, वाचणारा खाली आणि ऐकणारे पायऱ्यांवर, तेवढीच पस्तीस-चाळीस माणसं पण जागा गच्च वाटली आणि तीच मुलगी माईकशिवाय वाचून गेली. पायऱ्या म्हणजे तयार नाट्यगृहच असतं, प्रत्येकाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. फक्त बाहेर पडायचा इमर्जन्सीचा जिना कार्यक्रमासाठी कधीही वापरायचा नाही आणि कुठल्याही पायऱ्यांवर ये-जा करायला एक बाजू मोकळी ठेवायचीच.

जागेच्या बाबतीत मला इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचं उदाहरण फार आवडतं. १४ फेब्रुवारी १९७० ला 'द हू' हा रॉक बँड तिथे वाजला, तो कुठल्या भव्य सभागृहात नाही, विद्यार्थी जिथे जेवतात त्या हॉलमध्ये, आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आजही लोक ऐकतात. तेव्हा ऑडिटोरियम मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. कँटीन, रिकामा स्टुडिओ, कॉरिडॉरचा रुंद कोपरा, सगळं बघून या, फक्त प्रत्येक ठिकाणी टाळी वाजवून बघा, घुमतंय का. बाजूला जनरेटर, एसीचं बाहेरचं युनिट, रस्ता आहे का हे पण ऐका, आणि ते कार्यक्रमाच्याच वेळेला जाऊन ऐका, कारण सकाळी अकराला शांत असलेली जागा संध्याकाळी सहाला बास्केटबॉलच्या आवाजाने भरलेली असू शकते.

तारीख आणि परवानग्या

तारीख ठरवताना आधी परीक्षा आणि सबमिशनचं वेळापत्रक, मग इतर क्लबचे कार्यक्रम, मग शेवटची बस किंवा हॉस्टेलचं गेट, या क्रमाने बघा. २१ मार्च जागतिक कविता दिन, २७ मार्च जागतिक रंगभूमी दिन, २९ एप्रिल आंतरराष्ट्रीय नृत्य दिन, असे दिवस धरले तर सांगायला एक निमित्त मिळतं, पण नेमके तेव्हा पेपर असतील तर दिवसाचा हट्ट सोडून द्या, महिनाभर आधी करा, काही बिघडत नाही.

परवानगीचं काम कमीत कमी पाच-सहा आठवडे आधी काढायचं. एक पानाचं पत्र पुरतं, त्यात काय आहे, कधी, किती वाजेपर्यंत, किती माणसं अपेक्षित, बाहेरचे लोक येणार का, आवाजाची यंत्रणा लावणार का आणि जबाबदार दोन जणांची नावं. तोंडी "हो हो करा" यावर कधी राहायचं नाही, नम्रपणे सांगायचं की एवढं लिहून द्या. आमचा एक कार्यक्रम दोन दिवस आधी हलवावा लागला होता कारण तोच हॉल दुसऱ्या विभागाला पण तोंडीच दिलेला होता, आणि ज्यांच्याकडे कागद होता त्यांना तो मिळाला.

आणि ऑफिसइतकंच महत्त्वाचं, हॉल सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. कुठला प्लग पॉईंट मेलाय, कुठला लाईट लावला की माईकमध्ये घरघर येते, मागचं दार कुठून अडकतं, हे सगळं त्यांना माहीत असतं आणि ते कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. त्यांच्याशी अर्धा तास बोललात तर अर्धा दिवस वाचतो.

हक्कांचा विषय लोक विसरतात. स्वतःच्या सबस्क्रिप्शनवरून पोस्टर लावून सगळ्यांना सिनेमा दाखवता येत नाही, ती सबस्क्रिप्शन खाजगी बघण्यासाठी असते, तिकीट नसलं तरी. नाटकाचंही तसंच, लेखकाची किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची परवानगी लेखी घ्यायची, आणि ती तालमी सुरू करायच्या आधी, कारण महिनाभर तालीम करून मग नकार आला तर मुलांचं मन मोडतं. गाण्यांसाठी कॅम्पसकडे सार्वजनिक सादरीकरणाचं लायसन्स आहे का ते विचारा. विद्यार्थ्यांनीच लिहिलेलं काही असेल तर हा सगळा प्रश्न सुटतो, आणि मला विचाराल तर कॅम्पसवर तेच जास्त व्हायला हवं.

किती वेळ चालणार, याचं गणित

हे गणित एकदा कागदावर मांडाच. बारा जण, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं, सव्वा तास, छान वाटतं. पण बारा जणांच्या मध्ये अकरा वेळा स्टेज बदलणार, माईक खाली-वर, गिटार लावणार, स्टँड सरकवणार, निवेदन, प्रत्येकी ३ मिनिटं धरली तरी ३३ मिनिटं झाली. म्हणजे एकूण १०५. सुरुवातीची भाषणं यात धरलेलीच नाहीत. मागच्या खुर्चीतला माणूस साधारण दीड तासानंतर घड्याळ बघायला लागतो, त्यामुळे एकतर नऊच आयटम घ्या, नाहीतर बदल कमी करा. ज्यांना सारखाच सेटअप लागतो त्यांना लागून ठेवा, मोठा सेटअप असलेला बँड एकदम पहिला किंवा मध्यंतरानंतर लगेच, आणि स्टेज बदलताना एक कवी पडद्यापुढे उभा करा, म्हणजे त्या तीन मिनिटांत पण काहीतरी ऐकायला मिळतं.

निवेदकाला हे वेळेचं भान आधीच द्या. निवेदन म्हणजे दोन आयटममधलं अंतर भरणं नाही, पुढचं ऐकायला कान तयार करून देणं, आणि त्याला दोन-तीन वाक्यं पुरतात. "आता मी आमंत्रित करते" हे बारा वेळा ऐकल्यावर कुणालाच काही वाटत नाही, त्यापेक्षा "ही धून त्याने हॉस्टेलच्या गच्चीवर बसवली, तीन तारा तुटल्या होत्या तेव्हा" असं काहीतरी खरं आणि छोटं सांगा. त्यासाठी निवेदकाने प्रत्येक कलाकाराशी आधी पाच मिनिटं बोलायला हवं. नावाचा उच्चार विचारून घ्यायचा, लिहून ठेवायचा. स्वतःचं नाव चुकीचं ऐकून स्टेजवर येणं फार वाईट असतं.

आवाज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लाईट थोडा कमी असला तर लोक चालवून घेतात, शब्द कळले नाहीत तर नाही.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये भिंतींमुळे एवढा नाही उतरत पण गढूळ होतो, शब्दांची टोकं जातात. म्हणून नुसता व्हॉल्युम वाढवून मागे ऐकू येत नाही, फक्त पुढच्यांचे कान दुखतात. स्पीकर स्टँडवर चढवा, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, कारण माणसांची अंगं आणि कपडे आवाज पितात, विशेषतः वरच्या पट्टीतला, आणि शब्द त्याच्यावरच कळतात. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माईकच्या मागे ठेवले की माईक तोच आवाज परत उचलतो आणि ती कान फाडणारी शिट्टी सुरू होते. गाण्या-बोलण्याचे बहुतेक माईक समोरून जास्त आणि पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतात, म्हणून कलाकारासाठीचा छोटा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, हा माईकच्या पाठीच्या दिशेला ठेवायचा.

माईक धरायला शिकवा, खरंच शिकवा, दोन मिनिटांचं काम आहे. जाळीचा गोळा मुठीत धरला की माईकची दिशाच बिघडते आणि शिट्टी वाढते, तेव्हा दांड्याला धरायचं, तोंडापासून चार बोटं लांब, आणि मान फिरली की माईक पण फिरला पाहिजे. हळू आवाजाच्या मुलीला "जोरात बोल" सांगू नका. ती जोरात बोलायला लागली की कविता जाते. तिला माईक जवळ घ्यायला सांगा, अंतर निम्मं केलं की माईकला तेवढाच ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो.

साध्या डायनॅमिक माईकला वेगळी वीज लागत नाही, पण कंडेन्सर माईकला मिक्सरमधून, म्हणजे सगळ्या माईकचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रातून, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज) द्यावा लागतो, त्याचं बटणच दाबलेलं नाही म्हणून माईक खराब आहे असं समजून बदलत बसलेले लोक मी बघितलेत. वायरलेस असेल तर सेल त्या दिवशी नवीन टाका, शिवाय एक वायरवाला माईक चालू स्थितीत स्टेजच्या कडेला ठेवाच. कायम ५० किंवा ६० हर्ट्झची घुं अशी घरघर येत असेल तर ती विजेच्या लाईनची असते, मिक्सर आणि वाद्यं एकाच पॉवर पॉईंटवरून घेऊन बघा, लाईटचे डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं, वेगळ्या लाईनवर टाका. अर्थिंगची पिन काढून घरघर घालवायचा उपाय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, त्यात जीव जाऊ शकतो.

साऊंड चेक उलट्या क्रमाने करा, शेवटी सादर करणारा आधी आणि पहिला आयटम सगळ्यात शेवटी, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना स्टेजवर पहिल्याचाच सेटअप तयार असतो. तेव्हा एक जण शेवटच्या रांगेत बसवा ज्याने ती कविता किंवा गाणं आधी ऐकलेलंच नाही, कारण आपल्याला शब्द पाठ असतात म्हणून ते ऐकू आल्यासारखे वाटतात. त्याला विचारा शेवटची ओळ काय होती. सांगता आली तर ठीक. आणि लक्षात ठेवा, रिकामा हॉल जास्त घुमतो, माणसं भरली की आवाज कोरडा होतो, त्यामुळे पहिल्या दोन आयटमला मिक्सरवरच्या माणसाने मोबाईल बघायचा नाही, कान तिथेच हवेत.

उजेड

रंगीत लाईट सगळ्यांना हवे असतात, पण मागच्या रांगेतून चेहरा आणि डोळे दिसतात का हा पहिला प्रश्न. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये एक पद्धत मांडली जी आजही नाटकवाले वापरतात, चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशातून, वरून उजेड टाकायचा, एका बाजूचा थोडा उबदार आणि दुसरीकडचा थोडा थंड, म्हणजे चेहरा सपाट पण दिसत नाही आणि अर्धा काळोखात पण जात नाही. तुमच्याकडे दोनच दिवे आणि दोन स्टँड असले तरी हे जमतं. समोरून सरळ नाकावर मारलेला एकच दिवा मात्र नको, वाचणाऱ्याचे डोळे दिपतात.

कविता वाचणाऱ्यांना मोबाईलवरून वाचू देऊ नका असं मी म्हणत नाही, पण खालून येणारा तो निळा उजेड चेहरा विचित्र करतो, तेव्हा एक स्टँड आणि त्यावर छोटा क्लिपवाला दिवा द्या. झगमगणारे स्ट्रोब लाईट वापरणार असाल तर दारावरच ठळक लिहा, काही जणांना त्याने फिट येऊ शकते.

नाच असेल तर आणखी एक गोष्ट, पाय दिसतात का? स्टेज बुटकं असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागे फक्त कमरेवरचं दिसतं. पुढे सतरंज्या, मग खुर्च्या, मग मागे उभे राहणारे, अशी चढती रचना करा. आणि काँक्रीटवर नुसतं कार्पेट टाकलेल्या जमिनीवर उड्या मारायला लावू नका, गुडघे आणि घोटे दुखावतात. नाचणाऱ्यांनी जमिनीवर आधी एकदा तरी प्रत्यक्ष तालीम करायलाच हवी.

चित्रांच्या प्रदर्शनाचं थोडक्यात सांगते. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर येईल असं टांगा, सगळ्यांचे मध्य एका रेषेत, वरच्या कडा नव्हे. जलरंग आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासचा मंद उजेड, थेट ऊन नकोच, रंग उडतात. नावाच्या चिठ्ठ्या व्हीलचेअरवरून पण वाचता येतील अशा उंचीवर आणि मोठ्या अक्षरात.

व्हीलचेअरचा विषय निघालाच आहे तर, रॅम्प आहे एवढं ऐकून थांबू नका, जाऊन बघा. १ मीटर चढायला १२ मीटर लांबी, हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी मानतात, त्याहून उभा असेल तर एकट्याला चढवत नाही. जागा राखताना कोपऱ्यात नको, मित्रांसोबत बसता येईल अशी ठेवा. सांकेतिक भाषेत सांगणारं कुणी असेल तर त्यांच्यावर कायम उजेड हवा, हॉल अंधार झाला तरी.

माणसं येतील कशी

पोस्टर सुंदर असू दे, पण दहा पावलांवरून काय, कधी, कुठे आणि कोण येऊ शकतं हे चार वाचता आले पाहिजेत. चौथं सगळ्यात जास्त राहून जातं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं हे फक्त त्या विभागाचं असेल. "सगळ्यांसाठी, नाव नोंदवायची गरज नाही" एवढं लिहिलं तरी फरक पडतो. ग्रुपवर फॉरवर्ड करण्यापेक्षा प्रत्येक व्हॉलंटियरने पाच जणांना स्वतः जाऊन सांगायचं, त्यातला एक तरी असा की ज्याला आपण एरवी बोलवत नाही. आणि गेटपासून हॉलपर्यंत बाण लावा, कॅम्पसवर इमारती सारख्या दिसतात, हॉल सापडत नाही म्हणून परत गेलेली माणसं असतात.

त्या दिवशी

एक माणूस असा हवा जो काहीच सादर करत नाही, निवेदन करत नाही, पाहुण्यांचं स्वागत करत नाही, फक्त कार्यक्रम चालवतो. त्याच्या हातात एक कागद, मिनिटांसकट, कोण स्टेजवर, कोण विंगेत तयार, कुठला माईक, कुठला लाईट. लाईटवाल्याला आधी "तयार" आणि मग "जा" असं सांगायची पद्धत ठेवा, आणि हा "जा" शब्द मग मध्येच गप्पांमध्ये वापरायचा नाही, कारण ऐकणारा हात बटणावर ठेवून बसलेला असतो. वायरी जिथे वाटेत येतात तिथे लांबीभर गॅफर टेप, म्हणजे स्टेजवर वापरतात तो कापडी टेप, लावा, पॅकिंगचा टेप नको, त्याचा चिकटा वायरीवर राहतो. सगळी दारं उघडतात का ते स्वतः ढकलून बघा, दारासमोर खुर्च्या आल्या असतील तर गर्दी कितीही असो, काढा. ठरल्यापेक्षा जास्त माणसं आत घ्यायची नाहीत.

काहीतरी बंद पडणारच. एकदा आमचा माईक गाण्याच्या मधोमध गेला, मुलगा थांबला, सगळे मिक्सरकडे बघायला लागले. विंगेतून एक जण वायरवाला माईक घेऊन चालत गेली, धावत नाही, स्टँडवर लावला, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि बाजूला झाली. त्याने तीच ओळ परत घेतली. सगळं मिळून वीस सेकंद गेले असतील. हे जमलं कारण कुणी जायचं ते सकाळीच ठरलेलं होतं. तुम्ही पण ठरवा, माईक गेला तर कोण, लाईट गेले तर कोण, कुणाला चक्कर आली तर कोण, आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे.

मागच्या रांगेत एक व्हॉलंटियर कायम बसवा. ऐकू येत नसेल तर त्याने मिक्सरवाल्याला एक ठरलेली खूण करायची, मेसेज नाही, कारण मेसेज कुणी बघत नाही.

संपल्यावर

टाळ्या झाल्या की सगळे फोटो काढायला जातात आणि वायरी गोळा करायला दोनच जण उरतात, तेव्हा नावं आधी लिहून ठेवा. माईक मोजून पेटीत, सेल काढून, वायरी कोपराला गुंडाळून नाही तर सैल वेढ्यांत, एक वेढा सरळ एक उलटा, म्हणजे आत पीळ पडत नाही. टेप सगळा उपटा, खुर्च्या होत्या तशा लावा, हॉलच्या माणसाला किल्ली हातात द्या आणि थँक्यू म्हणा, पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच यायचंय.

मग त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना, एक पान लिहा. पत्र कुणाला दिलं, किती दिवस लागले, खर्च कशावर किती झाला, कुठला प्लग चालत नाही, कुठला आयटम किती मिनिटं चालला, शेवटच्या रांगेतून कितीजण मधेच उठले आणि कुठल्या वेळी. ते पान ग्रुपवर टाकू नका, तिथे हरवतं, क्लबच्या फाईलमध्ये लावा, आणि पुढची टीम ठरली की त्यांच्यासोबत त्याच हॉलमध्ये जाऊन, मागच्या खुर्च्यांवर बसूनच वाचून दाखवा.